ट्रकचं गाणं कोणी ऐकलं?

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका तरुण मुलीचा पहिला अल्बम पावसाळ्याच्या तोंडावर आला. आठ गाणी. शब्द तिचे, चाली तिच्या, गिटार तिची, रेकॉर्डिंग घरच्या माडीवर. पाच गाणी मराठी, दोन कोकणी, आणि एकात कडवी मराठी तर ध्रुवपद कोकणी. तिचं नाव मी लिहीत नाही. नावावरून गाव, गावावरून जात आणि जातीवरून ‘ही नेमकी कोणाची’ ते काढणारे आपल्याकडे तयारच असतात, आणि सध्या तोच उद्योग चालला आहे.

वेल्समधल्या कार्डिफमध्ये बसून मी हे वाचतो आहे. मराठीवाले विचारतात, मधेच कोकणी कशाला घुसडली? कोकणीवाले विचारतात, घरी कोकणी बोलतेस तर मराठीत का गातेस, 1967 चा जनमत कौल विसरलीस का? (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, यावरचा तो कौल झाला त्यानंतर तीसेक वर्षांनी ती जन्मली.) पुण्याच्या एका गृहस्थांना तिचे उच्चार ‘गोड पण अशुद्ध’ वाटले. वर्तमानपत्रात आलेल्या बातमीत समई कोणी प्रज्वलित केली, व्यासपीठावर कोण कोण होतं आणि केसरबाई-मोगूबाईंचा वारसा कसा पुढे चालला आहे, हे सविस्तर होतं. गाण्यांविषयी एकच शब्द होता, ‘श्रवणीय’. स्पॉटिफायवर 2024 पासून गाणं वर्षभरात 1,000 वेळा वाजलं नाही तर त्याचा एक पैसाही मिळत नाही. तिच्या भाषेवर मत देणाऱ्यांनी आधी एकेकदा ऐकलं असतं, तरी बिचारीचं त्यात भागलं असतं.

या गदारोळात चौथ्या गाण्याबद्दल कोणी चकार शब्द काढलेला मला दिसला नाही. खाणीतलं खनिज वाहणारा ट्रक काम थांबल्यावर अंगणात उभा आहे, त्याचं ते गाणं आहे. 2012 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, मधे थोड्या हलल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थांबल्या. त्या काळात डिचोली, सत्तरी, सांगे भागात असे ट्रक दारात उभे होते आणि बँकेचे हप्ते मात्र चालू होते. गाण्यातला बाप दर रविवारी ट्रक धुतो, मुलगी बादल्या भरून देते. गाणं खाणीच्या बाजूचं नाही आणि विरुद्धही नाही. खाणीने आटवलेली विहीर आणि खाणीच्या पैशातून भरलेली शाळेची फी, दोन्ही एकाच कडव्यात येतात. सुरुवातीला घुमट, म्हणजे आपलं मातीचं तालवाद्य, वाजतं, पण आरतीच्या ठेक्यात नाही. ठोका पडतो, अडखळतो, पुन्हा पडतो, स्टार्टर मारूनही इंजिन घेत नाही तसा. गोव्यातून आलेल्या मराठी गाण्यात इतकं थेट काही मी बऱ्याच वर्षांत ऐकलेलं नाही.

याच घुमटावर चवथीला आपल्या घरांत आरत्या रंगतात. 2019 पासून ते राज्याचं वारसा वाद्य आहे. आरत्यांचे शब्द मराठी, आणि आरती आटोपली की ‘जेवपाक बसा’ म्हणून हाक येते ती कोकणीत. यावर कधी मोर्चा निघाल्याचं मला तरी ठाऊक नाही. भांडण आहे ते सरकारी कागदावरचं. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. 1987 च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीला शासकीय वापरापुरती जागा मिळाली. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे 11 टक्के होते. शाळा, नोकऱ्या, अनुदानं यांत गुंतलेली असताना लोक तावातावाने बोलणारच. पण त्यात साक्षीला या मुलीला का ओढायचं?

इथे वेल्समध्ये 2021 च्या जनगणनेत वेल्श येणारे 17.8 टक्के निघाले. ग्वेनो ही कार्डिफचीच गायिका. तिचा पहिला स्वतंत्र अल्बम वेल्शमध्ये, फक्त एक गाणं कॉर्निशमध्ये. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातली ती जुनी भाषा अस्खलित बोलणारे जेमतेम काहीशे असतील. त्या अल्बमला 2015 चा वेल्श संगीत पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार भाषा पाहून दिला जात नाही. पुढे 2022 मध्ये तिचा कॉर्निशमधला अल्बम ब्रिटनमधल्या मर्क्युरी या संगीत पुरस्काराच्या अंतिम यादीत पोचला. शहरात वुमनबी स्ट्रीटवर क्लूब इवोर बाख नावाचा क्लब आहे. 1983 मध्ये तो निघाला तेव्हा सभासद व्हायला वेल्श यावी लागे, आज तिथे कोणीही गातो. 2017 मध्ये शेजारी नवी बांधकामं येऊन आवाजाच्या तक्रारींनी ही गल्ली बंद पडेल अशी भीती निर्माण झाली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले.

म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं नाही. आयस्टेद्वॉद हा इथला मोठा सांस्कृतिक मेळा, त्याच्या मंचावर वेल्शच चालते. 2023 मध्ये सेज टॉड्झ या रॅपरच्या गाण्यांत इंग्रजी जास्त, म्हणून ती नियमात बसेनात आणि तो गायलाच नाही. कडाक्याचा वाद झाला. आमच्याकडे शोभेल असाच. फरक इतकाच की भाषेचं भांडण एका दालनात चालू असताना गाण्याची पारख करणारे लोक, रेडिओ आणि जागा दुसऱ्या दालनात आपलं काम करत होत्या.

आणि परदेशी कौतुकाचं म्हणाल तर ते फार महाग नसतं. ट्रकचं गाणं मी ऑफिसात दोघांना ऐकवलं. एक म्हणाली, किती शांत वाटतं! कर्जात बुडालेल्या बापाच्या गाण्यावर ती डोळे मिटून डोलत होती. त्यापेक्षा शब्दांवरून हमरीतुमरीवर येणारे आपले लोक मला परवडले, त्यांना निदान शब्द कळतात.

शिवाय आपल्याला पारख करता येत नाही असंही नाही. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेचा निकाल लागला की गावागावांत बघा. नेपथ्य कुठे फसलं, प्रकाशयोजनेने कुठला प्रवेश मारला, दुसऱ्या अंकात नटाने स्वर का चढवला, हे नाक्यावरचा दुकानदारही सांगतो, आणि परीक्षकांना शिव्या घालताना मुद्दे देतो. भजनाच्या फडातही तेच, कोणाचा सम कुठे हुकला ते लोक वर्षभर विसरत नाहीत. ही जाण गिटार घेतलेल्या मुलीसमोरच कुठे जाते? तिच्यासाठी स्पर्धा नको आहे. महिन्यातून एकदा तालुक्यातलं एखादं छोटं सभागृह आणि समोर खडूस पन्नास माणसं मिळाली तरी खूप.

माझ्यापुरतं सांगायचं तर दुसरं गाणं दीड मिनिटाने लांबलं आहे. सहाव्यात आवाजाला इतका प्रतिध्वनी दिला आहे की शब्द विहिरीतून आल्यासारखे वाटतात, तो कमी करायला हवा. आणि सातवं, ते समुद्र-पाऊस-काजू-फेणीचं, पर्यटन खात्याच्या जाहिरातीला चालेल, या अल्बमला नाही. मी तिला हे जसंच्या तसं लिहून कळवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: पहिल्या दोन गोष्टी मान्य, दादा, पण सातवंच सगळ्यांत जास्त वाजतंय.