पलटला की फाऊल

डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं, तेव्हा मी त्यापेक्षा गोळ्या वाढवा म्हणालो. आमच्या गावात चालण्यासारखा डांबरी रस्ता एकच, आणि त्यावर पहाटे पाचला आमचे पी.टी.चे सर चालतात. सर अठ्ठ्याहत्तरचे, मी शेहेचाळीसचा. पोटं पाहिली तर उलटं वाटेल.

सर भूगोलही शिकवायचे, म्हणजे खो-खोतून वेळ उरला तर. युरोपचा नकाशा टांगायचे, बर्लिनवर छडी ठेवायचे आणि सांगायचे, "१९३६ च्या ऑलिम्पिकच्या वक्ती आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पोट्टे इथं खो-खो दाखवून आले." झाला तास. जर्मनीत कोळसा कुठं निघतो, हे मला आजही माहीत नाही.

शाळेमागचं मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात ती चप्पल ठेवून घ्यायची, उन्हाळ्यात भेगेत आख्खा पाय. सरांनी पदरच्या पैशानं बंडीभर मुरूम आणून टाकला. बाभळीचे दोन खांब काचेनं घासून असे गुळगुळीत केले, की आमच्या घरातल्या पाटाला तेवढं नशीब नव्हतं. सराव संपला की प्रत्येकी एक मूठ फुटाणे. मूठ सरांची, म्हणून मोठी.

माझं दुखणं एकच. खो-खोत धावणारा गडी वाटेल तसा वळतो. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागं फिरायचं नाही. मी हमखास फिरायचो. शिट्टी वाजायची, "पलटला! फाऊल!" तालुक्याच्या फायनललाही पलटलो. परतताना टेम्पोत सर काहीच बोलले नाहीत. उतरताना माझ्या खिशात दोन मुठी फुटाणे ओतले. त्यापेक्षा छडी बरी होती.

तर पहिल्याच पहाटे लांबून सरांची कानटोपी दिसली आणि पाय आपोआप मागं वळले. लगेच शिट्टी! (ती गळ्यात कुत्र्यांसाठी असते म्हणे.) "पलटला! फाऊल!"

दुसऱ्या दिवशी मी वावरातल्या धुऱ्यानं गेलो. दवानं पँट गुडघ्यापर्यंत ओली. समोरून सरपंच. त्यांनी आधी माझ्या हातात टमरेल आहे का ते पाहिलं, मग हळूच विचारलं, "भाऊ, संडासचं अनुदान भेटलं नाही काय?"

तिसऱ्या दिवशी शरण गेलो. सरांनी चालता चालता माझ्या मोबाइलवर जानेवारी २०२५ चा दिल्लीतला खो-खोचा वर्ल्ड कप पाहिला. आपली पोरं आणि पोरी, दोघंही नेपाळला हरवून जिंकले होते. सरांनी डोळे पुसले आणि तक्रार केली, "मॅटवर खेळून राह्यले लेकाचे. गुडघा नाही फुटला तं खेळला हे समजंल कसं?"

नाल्यावरचा पूल आला. मला धाप लागली होती. "सर, आता वळू?"

"खांब कुठं हाये?"

मी पुलाच्या कठड्याला हात लावला.

"हां, आता पलट," सर म्हणाले आणि मागं जाऊन उभे राहिले. पाठीत थाप आणि "खो!" दोन्ही एकाच वेळी, अगदी नियमात.

मी धावलो. दूधवाला सायकल थांबवून पाहत होता. माझी एक चप्पल पुलावर राहिली, पण आणायला मागं फिरलो नाही.