हार्ड डिस्क परत द्यायला लागलेल्या वेळाबद्दल

नमस्कार. एक स्टार देऊन तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंत की कोर्टातला पुरावा म्हणून आमच्याकडे सीलबंद ठेवलेली स्वतःचीच हार्ड डिस्क परत घ्यायला दिवसभर बसवून ठेवलं, नंबर मोठ्याने वाचायचं नाटक केलं आणि मुद्दाम रखडवलं. दुसऱ्या दिवशी सुनावणी होती, तुमची घालमेल मला दिसत होती. झालेल्या त्रासाबद्दल मनापासून माफी मागतो. काउंटरवरच्या सहकाऱ्याने "दीड-दोन तास लागतील" असं सांगितलं, ते चुकलंच.

पण 'मुद्दाम' हा शब्द फार लागला. म्हणून त्या दिवसाचा हिशेब मांडतो. तुमच्या केसबद्दल इथे एक अक्षर लिहिणार नाही.

तुमचा फोन सकाळी सव्वादहाला आला. मूळ वस्तू न्यायची असेल तर एक दिवस आधी कळवा, असं जमा करतानाच्या पावतीवर लिहिलेलं आहे. कळवलं असतं तर रात्रीच मशीन लावून ठेवलं असतं. तुम्ही साडेअकराला आलात, वकिलांचं पत्र सव्वाबाराला आलं. पत्राशिवाय मी कपाटाची किल्लीसुद्धा काढत नाही. पावणेएकला डिस्क राइट ब्लॉकरला लागली, म्हणजे डिस्क फक्त वाचू देणाऱ्या, तिच्यावर काही लिहू न देणाऱ्या उपकरणाला. 2 टीबीची डिस्क, सेकंदाला साधारण 120 एमबी वाचली जाते. म्हणजे साडेचार तासांहून जास्त. हॅश म्हणजे डिस्कवरच्या सगळ्या डेटावरून गणिताने निघणारा तिचा ठसा, त्यावरून काही बदललं का ते कळतं. तो काढायचा तर डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावीच लागते, मधली रिकामी जागासुद्धा. साडेपाचच्या आत 64 अक्षरांचा हॅश आला, अकरा महिन्यांपूर्वी नोंदवलेला होता तोच. पावणेसहाला तुम्ही निघालात. यात मी रखडवलं कुठे?

आणि ते नाटक नव्हतं हो. पिशवीच्या सीलचा नंबर एकाने वाचायचा, दुसऱ्याने रजिस्टरशी ताडायचा, असंच आमच्याकडे चालतं. सही अर्धी टेपवर आणि अर्धी पिशवीवर असते. ती रेघ जुळलेली मी तुम्हाला बोट ठेवून दाखवली होती. उलटतपासणीत समोरचा वकील हेच खोदून विचारतो, की इतके महिने ही वस्तू कोणाकोणाच्या हातात होती.

एक गोष्ट लिहू की नको, असं झालं होतं. तुम्ही दोनदा म्हणालात, "पाच मिनिटं माझ्या लॅपटॉपला लावू द्या, फाइल आहे ना बघतो." मी नाही म्हटल्यावर तुमचा आवाज चढला. साध्या लॅपटॉपला डिस्क जोडली की कोणी काहीही न उघडता ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यावर आपलं आपण लिहू शकते. एक बिट बदलला तरी हॅश पार वेगळा येतो. मग पुराव्याला कोणी हात लावलेला नाही, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? फाइल बघायला वेगळी प्रत होती. ती लगेच उघडून देतो, असं मी म्हणालो होतो. तुमच्या रिव्ह्यूत ते आलेलं नाही.

चार माणसांचं काम आहे आमचं. वकील एकमेकांना सांगतात, त्यावर चालतं. तुमचं वाचून उद्या कोणी फोनच केला नाही, तर मी कोणाकोणाला समजावत बसू? यापुढे अंदाजे वेळ लेखी देऊ, बसण्याच्या जागेचंही काहीतरी करतोय. जमलं तर रिव्ह्यूचा पुन्हा विचार करा. आणि निघताना लावलेलं नवं सील न्यायालयात उघडेपर्यंत तसंच राहू द्या, एवढी विनंती.