ह्यूस्टनकरांना उत्तर : रायफलची नळी कोणाच्या हाती द्यावी

नमस्कार ह्यूस्टनकर,

हरणाच्या शिकारीच्या रायफलची नळी चांगल्या गनस्मिथकडून (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून) बदलून घ्या, महिनोन्‌महिने थांबावे लागले तरी, असे मी लिहिले, त्यावर तुमची सणसणीत प्रतिक्रिया आली. तुमचे म्हणणे थोडक्यात असे : पाचशे डॉलरला नवी कोरी रायफल मिळत असताना जुनीवर त्याहून जास्त घालवणे हा निव्वळ शौक आहे. तुम्ही स्वतः गॅरेजमध्ये सॅव्हेज कंपनीच्या रायफलची नळी तासाभरात बदललीत, तेव्हा गनस्मिथ हा उगाच उभा केलेला बागुलबुवा आहे. तुमच्या मित्राची .२७० काडतुसाची रायफल गावातल्या दुकानाने नळी बदलून दोन आठवड्यांत .३०-०६ काडतुसाची करून दिली, मग मी लोकांना महिनोन्‌महिने थांबायला का सांगतो? आणि जाता जाता, मराठी माणसाने शिकारीचे कौतुक करावे का?

पैशाचा हिशेब तुमचा बरोबर आहे. नामांकित कारखान्याची नळी आणि बसवण्याची मजुरी मिळून आकडा सहज हजाराच्या घरात जातो. वर्षातून एक हरीण, एवढेच काम असेल तर नवी घ्या, मी आडवा येणार नाही. माझी रेमिंग्टन ७०० सत्तरच्या दशकातली आहे. दस्ता खांद्याला नेमका बसतो, चाप सवयीचा आहे. आधीच्या मालकाने ती वर्षानुवर्षे फोमच्या पेटीत घालून दमट तळघरात ठेवली आणि नळी आतून गंजाने खड्डे पडून गेली. बाकी सगळे ठणठणीत. अशा वेळी शौक म्हणा हवे तर, मला मान्य आहे.

सॅव्हेजचे उदाहरण मात्र इथे चालत नाही, कारण ती रायफल मुळातच वेगळी बांधलेली आहे. १९५८ साली आलेल्या मॉडेल ११० पासून तिच्या नळीवर एक मोठा नट असतो. चेंबर (काडतूस बसते ती खोबण) आधीच कापलेली नळी आणायची, आत गो गेज, म्हणजे किमान मापाचा ठोकळा, ठेवून बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) बंद करायचा, नळी गेजला टेकेपर्यंत फिरवायची आणि नट आवळायचा. मग नो-गो गेजवर, म्हणजे जास्तीच्या मापाच्या ठोकळ्यावर, बोल्ट बंद होत नाही ना, ते पाहायचे. भोसरीतल्या कुठल्याही फिटरला हे एकदा दाखवले की पुरे. पण त्या नळीतला चेंबर कोणीतरी आधी कापलाच होता ना? तुम्ही गनस्मिथला टाळले नाहीत, त्याचे अर्धेअधिक काम कारखान्यात झालेले विकत घेतलेत.

रेमिंग्टन ७०० ला असा नट नाही. नळीचा खांदा (मागच्या टोकाजवळची पायरी) रिकॉइल लगवर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या पट्टीवर, आणि लग रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य सांगाड्यावर), असे ते आवळून बसते. त्यामुळे हेडस्पेस, म्हणजे बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस जिथे अडते तिथपर्यंतचे अंतर, नंतर जुळवता येत नाही. लेथवर चेंबर किती खोल कापला आणि नळीचा खांदा कुठे काढला, तिथेच ते ठरून जाते. .३०-०६ मध्ये गो आणि नो-गो यांतला फरक सहा थाउंच्या (इंचाच्या हजाराव्या भागांच्या) आसपास, जेमतेम दोन केसांच्या जाडीइतका. अंतर कमी पडले तर बोल्ट बंद होणार नाही, एवढेच. जास्त झाले तर काडतुसाचे पितळ बुडाजवळ ताणले जाऊन फाटू शकते, आणि तापलेला वायू मागे येतो तेव्हा तिथे तुमचा चेहरा असतो.

७०० साठीही नट लावलेल्या तयार नळ्या मिळतात, त्यांना ‘रेमेज’ म्हणतात, हे तुम्ही सांगायच्या आत मीच सांगतो. चांगली सोय आहे. पण कारखान्यात आवळलेली जुनी नळी आधी निघाली पाहिजे. कधी कधी ती इतकी घट्ट असते की खांद्याच्या पुढे लेथवर खाच मारल्याशिवाय हलत नाही. हलक्या पान्याने नुसता जोर लावला तर रिसीव्हर पिळला जाण्याची भीती. आणि अमेरिकेच्या फेडरल कायद्याच्या दृष्टीने रिसीव्हर म्हणजेच बंदूक. सिरियल नंबर त्याच्यावर, नोंद त्याची. नळी हा सुटा भाग, ती पार्सलने घरी येते. बिघडली तर दुसरी मागवता येईल, रिसीव्हर गेला की रायफलच गेली.

आता दुकान. त्यांच्याकडे बंदुकीच्या धंद्याचे फेडरल लायसन्स असते आणि सरकारी कागद भिंतीवर दिसला की आपल्या लोकांना हायसे वाटते. पण लायसन्स देताना अर्जदाराची पार्श्वभूमी तपासतात, पुढे त्याची नोंदवही तपासतात. त्याला लेथ चालवता येते का, याची परीक्षा कोणी घेत नाही. कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड स्टेट कॉलेजात १९४७ पासून गनस्मिथीचा अभ्यासक्रम आहे, तिथून उत्तम कारागीर बाहेर पडतात, पण असा दाखला असलाच पाहिजे अशी सक्ती नाही. म्हणून प्रश्न आपणच विचारायचे. चेंबर तुम्ही स्वतः कापणार की काम बाहेर पाठवणार? या काडतुसाचा रीमर, म्हणजे चेंबर कापायचे हत्यार, तुमच्याकडे आहे का? नळी लेथवर बांधताना सेंटर कशावरून काढता, बाहेरच्या गोलाईवरून की आतल्या भोकावरून, म्हणजे बोअरवरून? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बोअर बाहेरच्या अंगाशी तंतोतंत एककेंद्री असेलच असे नाही. जो बोअरमध्ये मोजमापाची डायल लावून रन-आउट (फिरताना होणारे डुगडुगणे) काढतो त्याचा चेंबर बोअरच्या रेषेत येतो. जो नुसते जबडे आवळून रीमर घालतो त्याचा येईलच असे नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये टर्नरला हा प्रश्न विचारला तर तो चहा मागवतो. इथे एका दुकानात काउंटरमागचा माणूस चिडला. मी रायफल उचलून बाहेर पडलो.

याहून मोठी खूण म्हणजे चांगला गनस्मिथ काम घ्यायला उतावीळ नसतो. तो उलट तुम्हालाच विचारतो : किती गोळ्या झाडल्या, नळीत गोळ्यांचे साचलेले तांबे शेवटचे कधी काढले, स्कोपचे माउंट आणि ॲक्शनचे (रिसीव्हर दस्त्याला धरणारे) स्क्रू तपासलेत का, नळीच्या तोंडाला कुठे ठेच लागली आहे का. कारण शिकाऱ्याची नळी झिजून बाद होणे ही तशी दुर्मिळ गोष्ट आहे. .३०-०६ ची नळी काही हजार गोळ्या सहज काढते आणि हरणाचा शिकारी वर्षाला डबा-दोन डबे संपवतो. नेम भरकटला की पुष्कळदा सैल स्क्रू किंवा साचलेले तांबे निघते. दर एक-दोन हंगामांत खरोखर नळ्या झिजवतात ते लांब पल्ल्याच्या स्पर्धांतले नेमबाज. रेंजवर त्यांना गाठा आणि नळी कोणाकडून बसवता एवढेच विचारा. जाहिराती चाळण्यापेक्षा हे बरे. तो कारागीर दुसऱ्या राज्यात असला तरी बिघडत नाही. लायसन्सधारक गनस्मिथकडे मालक रायफल पाठवू शकतो आणि दुरुस्त झाल्यावर ती थेट मालकाच्या घरी परत येऊ शकते.

थांबण्याचे कारणही हेच. चार लोक ज्याचे नाव घेतात त्याच्याकडे रांग असते. विस्कॉन्सिनचा नऊ दिवसांचा बंदुकीने हरणाच्या शिकारीचा हंगाम नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि ऑगस्टमध्ये सगळ्यांना एकदम रायफल आठवते. डिसेंबरात द्या, निवांत होईल.

शिकारीबद्दल फार लिहीत नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि पुढे त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकार बंद झाली, ते योग्यच झाले. इथे हरणे उदंड आहेत, परवाने मोजून मिळतात, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफल व काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांच्या कामी लागतो. तरीही तुम्हाला ते पटत नसेल तर तो वाद मी जिंकायला निघालेलो नाही.

एच-१बीवरच्या वाचकांसाठी एक गोष्ट मात्र सांगतो, कारण तुमची ‘पाचशे डॉलर टाका आणि घ्या’ ही ओळ त्यांना महागात पडेल. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असताना फेडरल कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला नेहमीचा म्हणजे इथल्या राज्याचा शिकार परवाना, आणि त्याची मुदत संपलेली चालत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

तुमच्या मित्राचे काम दोन आठवड्यांत झाले, आनंद आहे. कदाचित माणूस खरोखर चांगला असेल. पण .२७० ची .३०-०६ झाली आहे, तर नव्या नळीवर नव्या काडतुसाचे नाव ठसठशीत कोरलेले आहे का, तेवढे त्यांना बघायला सांगा. नसेल तर ती दुकानात परत न्या आणि नाव कोरून घेताना हेडस्पेसही गेज लावून समोर दाखवायला सांगा. तोपर्यंत गोळी झाडू नका म्हणावे.