श्रावणाच्या तीस मात्रा

पुतणीला शाळेच्या प्रोजेक्टला बालकवींची श्रावणमासी आली, आणि खाली प्रश्न, गण पाडून वृत्त ओळखा. पोरीनं वही सरळ माझ्याकडे सरकवली, काका तुम्ही मराठी घेऊन बीए केलंय ना म्हणे. वर आमचे वडील, "बालकवी आपल्या धरणगावचे, तेवढं नीट कर हो." म्हणजे आता जळगाव जिल्ह्याची इज्जत माझ्या हातात.

गण म्हणजे लघु-गुरू बघून पाडलेले तीन-तीन अक्षरांचे तुकडे, लक्षात ठेवायला त्यांची नावं यमाचा, राधिका, भास्कर वगैरे, आणि प्रत्येक ओळीत तेच गण त्याच क्रमानं यायला हवेत. 'श्रावण' भास्करमध्ये फिट्ट बसला. दुसरी ओळ 'क्षणात'नं सुरू होते, तो निघाला जनास! बसणारच नाही हो, कारण ही कविता गणांची नाहीच, मात्रांची आहे, म्हणजे लघु अक्षराची एक, गुरूची दोन असं मोजायचं. अशा वृत्ताला जाती म्हणतात, ही हरिभगिनी जाती, आठ-आठ-आठ-सहा अशा ३० मात्रा. पण हे प्रश्न काढणाऱ्याला कोण सांगणार.

मग ओट्यावर बसून बोटांवर मोजायला लागलो. श्रा दोन, व एक, ण एक, मासी चार, झाले आठ. 'हर्ष'मधला ह दिसतो बारका पण पुढच्या जोडाक्षराचा जोर येतो म्हणून तो दोनचा. ओळीत सरसर पाऊस, इथं भर श्रावणात कूलर चालू आणि मी घामाघूम. शेवटी बेरीज ३१. पोरीनं 'चोहिकडे'तला हि दीर्घ लिहिलेला!

तेवढ्यात शेजारचे नाना आले, केळीवाले. "काय भो, व्यापाऱ्यानं वजनात मारलं का?"

"नाही नाना, कविता मोजतोय. एक जास्त भरतेय."

"जास्त भरतेय ना? मग गप राहायचं, कमी भरली तर भांडायचं."

आतून आईनं बहिणाबाईंचा खोपा सुरू केला, अरे खोप्यामधी खोपा, सुगरणीचा चांगला. पुतणीनं लगेच मात्रा मोजल्या, पहिल्यात १४ दुसऱ्यात १२, पोरगी रडकुंडीला. अगं तिथं अक्षरं मोजायची, आठ-आठ! लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईनं जात्यावर जुळवलंय ते, आणि आम्ही दोघं बीए-दहावीवाले कॅल्क्युलेटर घेऊन बसलेलो. आई मात्र एकही अक्षर न मोजता भाकरी थापत गात होती, आणि एकदाही चुकली नाही.

प्रोजेक्ट दिला, हरिभगिनी, ३० मात्रा, चौकटीत. चार दिवसांनी वही परत आली, लाल पेनानं शेरा, "गण दाखवले नाहीत, एक मार्क कमी."

नानांना सांगितलं. म्हणाले, "आता भांड."