मांडवावरच्या कारल्यानं दुधी कडू होत नाही

मृगाचा पाऊस पडायची वेळ झाली की मराठवाड्यातल्या परसबागेच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. लातूर असो, परभणी असो, नाहीतर बीड, मजकूर साधारण हाच: दुधी आणि कारलं शेजारी लावू नका, मधमाश्या परागकण इकडचे तिकडे करतात आणि दुधी कडू, विषारी होतो. काकडीजवळ शेंदाड नको, ढोबळीजवळ तिखट मिरची नको. दोन वेलांत ५०० मीटर अंतर ठेवा. वांझ फुलं दिसली की खुडून टाका. लगेच खाली दुसरं कोणी लिहितं, काही होत नाही, आमच्याकडं सगळं एकाच मांडवावर आहे. नवीन बाग करणाऱ्या बाईनं कुणाचं ऐकायचं? काही जणी तर घाबरून हाताएवढे झालेले वेल उपटून टाकतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

दुधी आणि कारल्यापासून सुरुवात करू. दोन्ही वेल काकडीच्याच कुळातले, पण त्यांचं नातं फार लांबचं. कारल्याचे परागकण दुधीच्या फुलावर पडले तरी त्यातून बी धरत नाही. शिवाय दोघांच्या वेळाही वेगळ्या आहेत. कारल्याचं पिवळं फूल सकाळी उमलतं, दुधीचं पांढरं फूल दिवस कलल्यावर. दोडका आणि घोसाळं तर सख्ख्या भावंडांसारखे, हातानं संकर केला तर होऊ शकतो, पण दोडका संध्याकाळी फुलतो आणि घोसाळं पहाटे. काकडी आणि शेंदाडाचंही जमत नाही. काकडीत गुणसूत्रं १४, शेंदाडात २४. शेंदाड, चिबूड आणि खरबूज यांचा आपसात संकर होतो, काकडीशी नाही.

आता मेसेजमधली मूळ चूक. समजा दोन वेल संकर होण्याइतके जवळचे आहेत आणि तो झालाच, तरी यंदाच्या फळाची चव बदलत नाही. दुधीची मादी कळी जवळून बघा. फूल उमलायच्या आधीच तिच्यामागं बोटाच्या पेराएवढा, लव असलेला दुधी तयार असतो. त्याची साल, त्याचा गर ही आईवेलाची घडण आहे. बाहेरून आलेला पराग ठरवतो ते फक्त आतल्या बियांचं भवितव्य. ढोबळी मिरचीचं तेच. तिखटपणा असतो बिया चिकटतात त्या पांढुरक्या शिरेत, आणि ती शीर आईझाडाची असते. शेजारी कितीही झणझणीत लवंगी लावा, यंदाची ढोबळी गोडच निघणार.

याचा पुरावा आपल्या दारातच आहे. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली आणि पुढं ते शहर बियाण्यांसाठी देशभर ओळखलं जाऊ लागलं. संकरित मिरचीच्या बीजोत्पादनात बाया कळीतले नरभाग चिमट्यानं काढतात आणि दुसऱ्या जातीचा पराग लावतात. त्या झाडाला लागलेली मिरची दिसायला आणि चवीला आईसारखीच असते. संकर असतो बियात, आणि तो दिसतो ते बी पेरल्यावर.

एका पिकाबाबत मात्र मेसेज खरा आहे, तो म्हणजे मका. मक्यात आपण दाणाच खातो आणि दाण्यात बापाचाही वाटा असतो. स्वीट कॉर्नच्या शेजारी साधा मका एकाच वेळी तुऱ्यावर आला तर यंदाच्याच कणसात कमी गोड, पिठूळ दाणे भरतात. तिथं अंतर ठेवा, नाहीतर दोन्ही पेरण्यांत चांगले दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

मग दुधी कडू लागतो तो कशानं? कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, असं आपण म्हणतो. दुधीच्या कडूपणाचंही मूळ वेलातच असतं. कुकरबिटासिन नावाची कडू द्रव्यं या कुळात मुळातच असतात, लागवडीच्या जातींत ती निवड करत करत कमी झाली आहेत. उन्हाचा तडाखा आणि पाण्याची ओढ बसली की ती वाढू शकतात. एप्रिल-मेमध्ये टँकरच्या पाण्यावर जगवलेली काकडी देठाकडं कडू निघते ती यामुळंच. दुसरं कारण बियाणं. मागच्या हंगामात तुमच्या दुधीचा संकर रानच्या कडू भोपळ्याशी झाला असेल आणि त्याच फळाचं बी तुम्ही धरलं असेल, तर यंदाचा वेलच कडू निघू शकतो. म्हणजे कारलं निर्दोष.

विषाची भीती मात्र खोटी नाही, आणि इथं मी मेसेज लिहिणाऱ्यापेक्षा जास्त कडक आहे. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीचा यावरचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातला सल्ला असा की रस काढण्याआधी तुकडा चाखून बघा आणि कडू लागला तर रस पिऊच नका. या विषावर ठरावीक उतारा नाही. उलट्या, जुलाब सुरू झाले तर थेट दवाखाना गाठा. धपाट्यासाठी दुधी किसतानाही आधी एक चकती जिभेला लावा. कडू असेल तर मीठ लावून, उकळून वापरायचा विचारही नको, टाकून द्या.

राहिलं ५०० मीटरचं. हा आकडा खरा आहे, पण तो प्रमाणित बियाणं तयार करणाऱ्यांसाठीचा आहे. भाजी खाणाऱ्याला तो लागूच नाही. ग्रुपवरची निम्मी भांडणं इथंच मिटतील: एक जण बी धरण्याचं बोलतो, दुसरी भाजीचं, आणि दोघं आपापल्या जागी बरोबर असतात. टोमॅटो, चवळी, वाल, वाटाणा ही पिकं बहुतेक स्वतःच्याच परागावर धरतात, त्यांचं बी निर्धास्त ठेवा. वांगी, भेंडी, मिरची यांत थोडीफार सरमिसळ होते. वेलवर्गीयांत ती भरपूर होते. मात्र पाकिटातल्या संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी वेगवेगळी फळं येणारच, त्याचं खापर मधमाशीवर फोडू नका.

दुधीचं बी धरायचं असेल तर दुपारीच, संध्याकाळी उमलणारी एक मादी आणि एक नर कळी हेरा आणि दोन्हींना कागदी पिशवी बांधा. संध्याकाळी नर फूल तोडून पाकळ्या काढा, आतला पुंकेसर मादी फुलाच्या मधोमध हळुवार फिरवा आणि मादीला पुन्हा पिशवी बांधा. फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत चिंधी बांधा, म्हणजे घरातलं कोणी भाजीला तोडणार नाही. साल टणक होऊन देठ वाळेपर्यंत ते वेलावरच राहू द्या.

आणि ती 'वांझ' फुलं म्हणजे नर फुलं. वेलाला ती आधी येतात, मादी फुलं मागून. ती खुडली तर पराग येणार कुठून? चिमुकले दुधी पिवळे पडून गळतात, तेव्हा बहुतेक वेळा परागच पोचलेला नसतो. शेजारच्या कपाशीवर फवारणी चालू असली की मधमाश्याही कमी फिरकतात. अशा वेळी वर सांगितलं तसं हातानं पराग लावा, फक्त पिशवीची गरज नाही.