'चॅलेंज व्होट'चा तो मेसेज खोटा आहे

निवडणूक आली की व्हॉट्सॲपवर तोच मेसेज पुन्हा फिरू लागतो: यादीत नाव नसेल तर आधार दाखवून कलम ४९अ खाली 'चॅलेंज व्होट' मागा, केंद्रावर १४ टक्क्यांहून जास्त 'टेंडर व्होट' झाले तर फेरमतदान होतं.

यादीत नाव नसेल तर मतदान करता येत नाही, मग खिशात कितीही कार्डं असोत. 'चॅलेंज' असतं, पण ते मतदाराचं नव्हे. मत द्यायला आलेला माणूस तोतया आहे असं वाटलं तर पोलिंग एजंट (केंद्रावर बसलेला उमेदवाराचा प्रतिनिधी) २ रुपये भरून हरकत घेतो.

टेंडर व्होट मात्र खरं आहे. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर ओळख पटवून नियम ४९पी खाली मागा. ते मशीनवर नाही, कागदी मतपत्रिकेवर होतं आणि पाकिटात वेगळं ठेवलं जातं. १४ टक्क्यांचा नियम कुठेच नाही.

मतदार कार्ड हरवलंय, पण नाव यादीत आहे? पासपोर्ट, पॅन किंवा वाहन परवाना चालतो. नावच नसेल तर फॉर्म ६ आत्ताच भरा. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद.