दोन तारे दिलेल्या कोल्हापूरच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा अभिप्राय आला त्या रात्रीच उत्तर लिहायला बसलो होतो. बायको म्हणाली, "आज नको, राग उतरू दे." म्हणून तीन दिवस थांबलो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताई ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी कोल्हापूरहून आल्या. सोबत दादा, नऊ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि सासूबाई. बेळगावजवळच्या राकसकोप जलाशयाच्या बाजूने आमची साडेचार किलोमीटरची फेरी असते, त्यासाठी. ताईंचं म्हणणं असं: "सोपी वाट, घरातल्या सगळ्यांना जमेल" ही जाहिरात फसवी निघाली. सासूबाई चिखलात घसरल्या, मुलांना जळवा लागल्या, जेवण उशिरा आणि अगदी साधं मिळालं, सूर्यास्त न दाखवता परत फिरवलं, पाण्यात पाय बुडवू दिले नाहीत आणि मुलाला सगळ्यांसमोर दरडावलं. पाचही जणांचे पैसे परत द्या.

जेवणाचं आधी उरकतो. दीड वाजता देतो म्हणालो आणि पावणेतीन झाले. लाकडं ओली होती, चूल धुमसत राहिली. पण लाकडं झाकून ठेवणं आमचं काम, तुमचं नव्हे. चूक कबूल. साधं म्हणाल तर श्रावणात आमच्या घरात मटण-मासे होत नाहीत, हे बुकिंगच्या वेळी फोनवर सांगितलं होतं. तांदळाची भाकरी, झुणका, आमटी-भात आणि उकडलेली रताळी एवढंच होतं. मुलांना रताळी आवडली नाहीत, ते ठीक. पण बेळगावच्या पश्चिम भागात येऊन रताळ्याला नाव ठेवलंत की आमच्यासारख्याला थोडं लागतंच.

आता "सोपी" या शब्दाकडे येतो. तो मी लिहिला, आणि लिहिताना डोळ्यांसमोर माझेच पाय होते. याच वाटेने मी शाळकरी वयापासून वैरणीचे भारे आणलेत. आमच्याकडे कुणी विचारलं, "अजून किती येतंय?" तर उत्तर ठरलेलं, "हे काय, आलंच की!" तुमच्या सासूबाईंनीही दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी हेच म्हणालो आणि दोन्ही वेळा निम्मी वाट शिल्लक होती. ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला आठवतंय.

वाट बहुतेक जांभ्याची. मार्च-एप्रिलमध्ये तिच्यावरून चपला हातात घेऊनही चालता येतं. पहिला पाऊस पडून महिना झाला की त्याच दगडावर शेवाळ धरतं, हिरवं नव्हे, काळं, म्हणून नवख्याला ते दिसतच नाही. भाताच्या बांधावर चिखल दिसतो म्हणून माणूस जपून पाय टाकतो. दगडावर आलं की सुटल्यासारखं वाटून पाय मोकळा टाकतो आणि तिथेच घसरतो. काकू, म्हणजे तुमच्या सासूबाई, ओहोळ ओलांडून माळावर चढताना पडल्या ती जागा नेमकी अशीच. चढ म्हणायचा तर दोन मजल्यांच्या जिन्याएवढा. कोरड्या दिवसांत तो चढ आहे हेही कुणाच्या लक्षात येत नाही. ऑगस्टमध्ये गुडघेदुखी असलेल्या माणसाला तिथे न्यायला नको होतं. काकूंचे गुडघे दुखतात हे मला त्या पडल्यावर कळलं, कारण मी आधी विचारलंच नव्हतं.

तुम्ही गेल्यावर त्या चढाला पायऱ्या खोदल्या आणि एका बाजूला बांबूचा कठडा बांधला. मग गेल्या रविवारी माझी एकाहत्तर वर्षांची आई आणि सहा वर्षांची पुतणी यांना घेऊन पूर्ण फेरी मारली. थांबत, बसत, पुतणीने गोळा केलेले दगड माझ्या खिशात भरत दोन तास वीस मिनिटं लागली. जाहिरातीत मी सव्वा तास लिहिला होता. तो बदललाय. "सोपी" आता फक्त ऑक्टोबरचा मध्य ते फेब्रुवारी या दिवसांपुढे लिहिलंय. जून ते सप्टेंबर "निसरडी, लहान मुलं आणि गुडघेदुखीवाल्यांनी आधी फोन करावा" असं. बायको म्हणते, असं लिहिलंस तर पावसाळ्यात कोण येणार? बघू.

जळवांचंही आधी सांगायला हवं होतं. इथल्या माणसाला जळू लागली तर तो बोलणं न थांबवता काढून टाकतो, त्यामुळे ही सांगायची गोष्ट आहे हेच डोक्यात येत नाही. तुम्ही "पाय रक्तबंबाळ" लिहिलंत. एकेका पायाला दोन जळवा होत्या, पण रक्त थांबत नव्हतं, हे खरं. जळू चावताना हिरुडिन नावाचा पदार्थ सोडते, त्याने रक्त गोठत नाही. म्हणून ती सुटल्यावरही जखम बराच वेळ वाहत राहते आणि दिसायला भयंकर दिसते. ओढून काढू नये. मीठ किंवा चुना लावायची आमची जुनी सवय आहे, पण नखाने तिच्या तोंडापाशी हळूच सरकवून सोडवणं जास्त बरं. मग जागा धुऊन कापूस दाबून धरायचा. आता निघण्यापूर्वी प्रत्येकाला पँट मोज्यात खोचायला लावतो. फोटोत वाईट दिसतं, पण उपाय नाही.

सूर्यास्ताचं मात्र बदलणार नाही. साडेचारला परत फिरायचं म्हणजे फिरायचं. संध्याकाळी गवे पाण्यावर उतरतात, आणि चंदगड-खानापूरच्या बाजूने हत्तीही या पट्ट्यात येऊन गेलेत. गवा दिसायला म्हशीसारखा, म्हणून शहरातली मुलं जवळ जाऊन मोबाईल काढतात. सूर्यास्तच बघायचा असेल तर येळ्ळूरच्या राजहंसगडावर जा. गाडी जवळजवळ दरवाजापर्यंत जाते, काकूंनाही जमेल, आणि तिथे आमचा एक रुपयाही नाही. अगदी सपाट फिरायचं असेल तर बेळगावच्या किल्ला तलावाकाठी जा. ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ आहे तिथेच.

आता पाण्याचं. याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहितोय.

तुम्ही लिहिलंत, "एवढं सुंदर तळं, आणि लेकरांना पाय बुडवायचीही चोरी." ताई, हे तळं नाही. मार्कंडेय नदी अडवून केलेला जलाशय आहे. ही नदी खानापूर तालुक्यातल्या बैलूरकडे उगम पावते आणि पुढे गोकाकच्या बाजूला घटप्रभेला मिळते. घटप्रभेवरच्या हिडकलच्या धरणात ५१ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यापुढे आमचं राकसकोप म्हणजे ताटलीतलं पाणी. पण बेळगाव शहर ज्या दोन ठिकाणचं पाणी पितं, त्यातलं जुनं आणि जवळचं हेच. पावसाळ्यात बेळगावच्या मराठी पेपरात त्याच्या पातळीचा आकडा रोज छापून येतो. समुद्रसपाटीपासून २४७५ फूट झालं की भरलं. शहरातली माणसं राशिभविष्याच्या आधी तो आकडा वाचतात, आणि त्यावरून उन्हाळ्यात नळ किती दिवसांनी येणार याचा हिशोब मांडतात. तुम्ही शनिवारी बेळगावात ज्या लॉजवर उतरलात तिथे अंघोळीला बहुधा हेच पाणी होतं. त्यात आमची गिऱ्हाइकं पाय धुतात असं शहरातल्या माणसाने ऐकलं, तर तो दोन तारेही देणार नाही.

पण ते राहू द्या. मुलाला ओरडला तो माझा भाचा. तुमचा मुलगा गवतावरून धावत पाण्याकडे गेला, भाच्याने मोठ्याने हाक मारली, दंडाला धरून मागे ओढलं, "कळत नाही का रे?" म्हणाला. मुलगा रडला. तुम्ही लिहिलंत, की अशी भाषा घरातही कुणी त्याच्याशी करत नाही.

त्या कडेला काय आहे ते सांगतो. मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा भाताचे जुने वाफे उघडे पडतात, पायऱ्यांसारखे, एकाखाली एक. त्यांचे बांध अजून तसेच आहेत. ऑगस्टमध्ये पाणी वर चढतं आणि काठावर फक्त लुसलुशीत गवत दिसतं, एखाद्या बागेसारखं. त्या गवतावरून मूल पाण्यात शिरलं की पहिलं पाऊल घोट्यापर्यंत, दुसरं पोटरीपर्यंत, आणि तिसरं बांधावरून खालच्या वाफ्यात. तळाशी गाळ, त्यात पाय रुततो. मोठ्या माणसाच्या छातीएवढं पाणी नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून जातं. हे वरून बघून कळत नाही. पोहता येणाऱ्यालाही कळत नाही.

भाच्याच्या आवाजाबद्दल माफी मागतो. त्यालाही सांगितलंय, की मूल बाजूला आणल्यावर खाली बसून, नीट शब्दांत सांगायचं. पण हात धरून ओढलं त्याबद्दल माफी मागणार नाही, आणि त्यालाही मागायला लावणार नाही. माझी चूक वेगळी आहे. काठावर पोचायच्या आधीच मी सगळ्यांना थांबवून हे सांगायला हवं होतं. मी तेव्हा पाण्यापलीकडे बोट दाखवून दादांना सांगत होतो, की ते तुडये, ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. गावात सीमेचा विषय निघाला की माझं तोंड थांबत नाही, त्यात मुलगा दहा पावलं पुढे गेला. आता काठाच्या पन्नास पावलं अलीकडे एक आंब्याचं झाड आहे, तिथे सगळ्यांना बसवतो, आधी पाण्याचं सांगतो, मगच पुढे. मुलांना पाण्यात खेळायचंच असेल तर परतीच्या वाटेवर घोट्याएवढा ओहोळ आहे, तिथे हवा तेवढा वेळ.

पैशांचं. मोठ्यांचे माणशी साडेतीनशे आणि मुलांचे निम्मे, असे तुमचे चौदाशे झाले होते. काकू पहिल्या चढावर पडून माझ्या पुतण्यासोबत मागे फिरल्या. त्यांची फेरी झालीच नाही, तेव्हा त्यांचे साडेतीनशे परत. जेवणाच्या उशिरासाठी आणखी साडेतीनशे. सातशे रुपये ज्या नंबरवरून आले होते त्यावर काल फोनपे केलेत. बाकीचे सातशे परत करणार नाही. तुम्ही चौघांनी फेरी पूर्ण केलीत, पाचही जणं जेवलात, आणि मुलगी तर घरी जायला तयार नव्हती, हे तुम्हीही नाकारणार नाही.

तारे वाढवा असं म्हणत नाही. उलट हा अभिप्राय काढू नका, राहू द्या. पुढच्या ऑगस्टमध्ये कुणी गुडघेदुखीची माणसं घेऊन निघायचा विचार करत असेल, तर त्याने माझ्या जाहिरातीच्या आधी तुमचं वाचलेलं बरं.

एक राहिलंच. काकूंची निळी छत्री आमच्या पडवीत खुंटीला लावलीय. नवरात्राच्या आधी गावातून रताळ्यांचा टेम्पो कोल्हापूरला जातो. पत्ता फोनवर कळवलात तर त्याच्यासोबत पाठवतो. रताळी नको असतील तर फक्त छत्री.